शनिवारची जर्सी

"हात नको लावू. ओली हाय अजून."

लांजेवार काकू दोरीजवळ उभ्या होत्या आणि मी फाटकात. माझ्या एका हातात बास्केटबॉल संघटनेनं दिलेला पेढ्यांचा डबा होता, दुसरा हात पुढे झाला होता तो तसाच राहिला. दोरीवर एकच कपडा होता. निळी, जाळीच्या कापडाची, बिनबाह्यांची जर्सी, पाठीवर पिवळा अकरा. तिच्यातलं पाणी खालच्या घमेल्यात टपकत होतं.

मी त्या जर्सीकडेच बघत राहिले. तिला शेवटचं पाहून वीस वर्षं झाली होती. डाव्या खांद्यावर रफू होता, शोधला तरच सापडेल असा. तो काकांनी केला होता. काका हातमागावर बसणारे, त्यांच्या हातचा रफू ओळखायला डोळे लागायचे.

"कोण व तू?" काकूंनी विचारलं.

"मी प्रतिभा, काकू. प्रतिभा झाडे. हेमाताईच्या टीममधली."

त्यांनी डोळे बारीक केले. "ते काडीपैलवान पोट्टी? जिले हेमा आपल्या डब्यातलं खाऊ घाले?"

"तीच."

"आता भरली चांगली," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातातला डबा घेऊन आत वळल्या. "बस. चहा मांडतो."

मी ओट्यावर बसले. पाचपावलीतलं ते घर तसंच होतं, फक्त माग गेला होता आणि त्या जागी एक पलंग आला होता. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकू एकट्याच राहायच्या.

हेमलता लांजेवार म्हणजे कोण, हे आज सांगावं लागतं, याचा मला अजून राग येतो. बायकांना मानधन देऊन बास्केटबॉल खेळवणारी लीग नुकती सुरू झाली होती तेव्हाची ही गोष्ट. माझ्या वडिलांना शेवटपर्यंत पटलं नाही की जाळीत चेंडू टाकायचे कुणी पैसे देतं. 'नागपूर वाघिणी' ही आमची टीम आणि हेमाताई आमची कॅप्टन. डावखुरी होती. गुडघे सतत दुखायचे, म्हणून त्यांना निलगिरीचं तेल चोळून उतरायची, आणि सगळं मैदान त्या वासानं भरून जायचं. तिचा पास छातीच्या उंचीवर यायचा, जमिनीला न लागता, आणि घेणाऱ्याचे तळहात लाल व्हायचे. मी सगळ्यात लहान. चेंडू सुटला की ओरडायची, "झाडे, झाडासारखी उभी राहू नको!" आणि मॅच संपली की तिच्या डब्यातली भाकरी माझ्या पुढ्यात. तिच्याइतकं चांगलं खेळताना मी नंतर कुणालाही पाहिलं नाही.

पाचव्या सीझनच्या शेवटी ती मेंदूज्वरानं गेली. आठवड्याभरात. तेव्हा मॅचचं चित्रीकरण वगैरे कुणी करत नव्हतं. त्यामुळे ज्यांनी तिला पाहिलं नाही, त्यांच्यासाठी ती नव्हतीच.

आता लीगला पंचवीस वर्षं झाली होती आणि संघटनेनं ठरवलं होतं की इतिहासातल्या सर्वश्रेष्ठ पाच खेळाडूंचा सन्मान करायचा. त्यांच्या जर्स्या काचेच्या चौकटीत हॉलच्या भिंतीवर लावायच्या आणि तो नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही. ही कल्पना आमचे सचिव ढोमणे साहेब कुठल्याशा परदेश दौऱ्यावरून घेऊन आले होते. मी निवड समितीत होते आणि पाचव्या नावासाठी मी अक्षरशः भांडले होते. समितीतल्या निम्म्या लोकांनी हेमाताईला खेळताना पाहिलंच नव्हतं. शेवटी नाव आलं, पण एका अटीवर.

"मूळ जर्सी पाहिजे, मॅडम," ढोमणे साहेब म्हणाले होते. "चौघींच्या आल्या आहेत. पाचवी आली नाही तर नाव बदलावं लागेल. रिकामी चौकट कशी लावायची?"

म्हणून मी आले होते.

काकू चहा घेऊन आल्या. मी सगळं सांगितलं. भिंत, काच, दिवे, पाहुणे. हेमाताईचं नाव मोठ्या अक्षरांत. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या, मधूनच दोरीकडे बघत होत्या.

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पर भिंतीवर लावली त शनिवारी काय घालंल?"

"कोण?"

"हेमा."

मी बशीत ओतलेला चहा तसाच धरून बसले. आमच्या मॅच शनिवारी असायच्या, ते मला आठवलं.

"दर शनिवारी पहाटे पेटी उघडतो," काकू अगदी सहज सांगू लागल्या, दूधवाल्याबद्दल सांगावं तशा. "त जर्सी घामानं चिंब. मंग धुतो, वाळवतो, घडी करून ठेवतो. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. खेळून येते ना ती. घामेजलेला कपडा तसाच कसा ठेवू?"

मी मान हलवली. काय करणार? एकटं म्हातारं माणूस, एकुलती एक लेक गेलेली. असं काही मनाशी धरलं असेल तर ते आपण कशाला मोडावं? चहा संपवला आणि निघाले. फाटकाशी येऊन काकू म्हणाल्या, "तुले खरं नाही वाटून राहिलं."

"तसं नाही काकू..."

"पुढच्या शनिवारी ये. माह्या आधी तूच पेटी उघड."

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. काकू होत्या तोवर सांगणं बरं वाटलं नसतं. लोक त्यांना बघायला गेले असते.

तो आठवडा ढोमणे साहेबांचे फोन चालूच होते. सुरुवातीला गोड बोलले, मग जरा कमी गोड. शेवटी म्हणाले, "मॅडम, तुम्ही इतक्या भांडलात म्हणून थांबलोय. हा शनिवार सोडून पुढच्या शनिवारी कार्यक्रम आहे. पत्रिका छापायला जायच्यात. दुसरं नाव तयार आहे." मी म्हटलं, आणते. आणते म्हणजे कशी, ते मला ठाऊक नव्हतं. हेमाताईचं नाव त्या भिंतीवर लागलं नाही तर ते पुन्हा कधीच कुठे लागणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

शनिवारी उजाडता उजाडता मी पाचपावलीत पोचले. काकू आंघोळ करून बसल्या होत्या. कमरेची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. पलंगाखाली लोखंडी पेटी होती. मी ती ओढली, कुलूप काढलं, झाकण उघडलं.

पहिल्यांदा वास आला. निलगिरीच्या तेलाचा.

खोटं कशाला सांगू, पेटी बंद करून पळून जावंसं वाटलं. वरच काकूंच्या दोन साड्या होत्या, त्यांच्यावर ती जर्सी. मी हात लावला. जर्सी ओली होती आणि गरम होती. आत्ता कुणी अंगातून काढून टाकलेली असावी, तितकी गरम. खालच्या साड्या मी चाचपून पाहिल्या. त्या कोरड्या ठणठणीत होत्या.

"पाह्यलं?" काकू म्हणाल्या.

मी जमिनीवर बसले आणि जर्सी मांडीवर घेतली. कापडाचा ओलेपणा माझ्या सलवारीत उतरत होता, आणि मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीच्या मधोमध मला हेमाताईची इतकी आठवण आली की मी रडायला लागले. वीस वर्षांत मी तिच्यासाठी अशी रडले नव्हते.

काकूंनी मला रडू दिलं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्यात काही राहून गेलं होतं का व? लोक म्हणतात, काही राहून गेलं की माणूस येते. मी लई विचार केला. तिचं लग्न ठरलं होतं, रायपूरले जायची होती, तर ते राहिलं असंल म्हणून. पर मंग ती लुगड्याले हात लावती. जर्सीले कायले?"

आणि मला ते कळलं. एकदम, तिथेच, फरशीवर बसल्या बसल्या.

"काकू, तिचा नंबर द्यायचा राहिला."

"म्हंजे?"

मी सांगितलं. वाघिणींमध्ये एक रीत होती. ती कुणी सुरू केली माहीत नाही, पण सगळ्या जणी ती देवपूजेसारखी पाळायच्या. खेळाडू टीम सोडून चालली की तिचा नंबर ती स्वतः कुणाला तरी द्यायची. नवी जर्सी नाही, अंगातलीच. आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं धुवायची, दुसऱ्या कुणाला धुऊ द्यायची नाही. मग मॅचआधी सगळ्यांसमोर ती दुसरीच्या अंगावर चढवायची. जिला मिळाली तिनं फ्री थ्रोच्या रेषेवरून एक बास्केट टाकायची. पडेपर्यंत टाकायची. देणारी बास्केटखाली उभी राहायची, जाळीतून पडणारा चेंडू जमिनीला लागू न देता झेलायची आणि पास परत देऊन म्हणायची, 'तुझं'. तो पास मिळाला की नंबर आपला. त्या क्षणापासून देणारी मोकळी.

"शैला बोरकुटेला बास्केट पडेना तेव्हा मॅच उशिरा सुरू झाली होती," मी नाक पुसत म्हटलं. काकू हसल्या नाहीत.

"हेमा कोणाले देणार होती?"

"मला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"त्या शनिवारी देणार होती. मला म्हणाली होती, झाडे, शनिवारी पोट भरून ये, अकरा नंबर उपाशी माणसाला पेलत नाही. आणि त्याच आठवड्यात..."

मी पुढे दहा वर्षं खेळले, चौदा नंबर घालून. अकरा नंबर कुणी मागितला नाही आणि मला कुणी दिला नाही. द्यायला होतं कोण?

बाहेर रस्त्यावरून भाजीची गाडी ओरडत गेली.

"म्हंजे अडकून राहिली ती," त्या म्हणाल्या. "दर शनिवारी जाते, कोणी भेटत नाही, घामेजून परत येते."

"हो."

"आन् तुम्ही काचेत लावान, नंबर कोणालेच देणार नाही म्हणान, त कायमची अडकली."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जिच्यासाठी मी समितीत घसा फोडला होता, तो सन्मान मिळाला तर तिचा नंबर कायमचा तिच्याच गळ्यात पडणार होता. आणि नाही मिळाला तर ती पुसली जाणार होती.

"मग काकू, मला द्या," मी म्हटलं. "भिंत गेली खड्ड्यात. ती मोकळी होऊ दे."

काकूंनी माझ्या मांडीवरची जर्सी उचलली. दोन्ही हातांनी छातीशी धरली. त्यांच्या पांढऱ्या साडीवर ओला डाग पसरत गेला.

"मोकळी झाली त शनिवारी माह्याकडे कोण येईल?" त्या म्हणाल्या.

वीस वर्षं त्या बाईकडे आठवड्यातून एकदा तिची लेक येत होती. दिसत नव्हती, बोलत नव्हती, एक ओला कपडा टाकून जात होती. पण येत होती. ते मी कुठल्या तोंडानं मागणार होते?

"तुम्ही म्हणाल तसं," मी म्हटलं. "मी पुन्हा विचारणार नाही."

त्या उठल्या, न्हाणीत गेल्या आणि साबण लावून जर्सी धुऊ लागल्या. मी फाटक लावून घेतलं आणि निघाले. त्या दिवशी मी ढोमणे साहेबांना फोन करून सांगितलं की जर्सी येईल. ते मी का सांगितलं ते देव जाणे. पत्रिका छापायला गेल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. पाच चौकटी भिंतीवर होत्या, वरून पडदे. स्टेजऐवजी मैदानातच लाल गालिचा टाकला होता, बास्केटसमोर. सूत्रसंचालन करणारी बाई दर वाक्याला टाळ्या मागत होती. मला सिल्कची साडी नेसवून शाली-श्रीफळांचं ताट सांभाळायला उभं केलं होतं, कारण समितीत मी एकटीच बाई.

काकू येणार की नाही, मला माहीत नव्हतं. आल्या. धुवट पांढरी साडी, हातात कापडी पिशवी. मी ताट टेबलावर ठेवलं आणि त्यांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.

"प्रतिभा," त्या हळूच म्हणाल्या, "आज मी धुतली नाही."

"मग?"

"पहाटे पेटी उघडली. कुलूप होतं जसंच्या तसं, किल्ली माह्या कमरेले. जर्सी आतमंदी नव्हती. मी धाडकन बसली खाली. मंग बाहेर आली त दोरीवर. धुतलेली. पिळलेली. हे पाह्य."

त्यांनी पिशवीचं तोंड उघडलं. निळ्या कापडावर पिळ्याच्या चुण्या पडल्या होत्या, तिरप्या.

"मी पिळतो त चुण्या इकडून पडतात," त्यांनी हवेत हात फिरवून दाखवला. "या उलट्या हायेत. डावखुऱ्या हाताच्या. पिळा असाच उलटा घाले ती. मी किती रागवाचो, नीट पिळ म्हणून."

मला आमची रीत आठवली. स्वतःच्या हातानं धुवायची, दुसऱ्या कुणाला धुऊ द्यायची नाही.

"आता तिनंच धुतली त मी कोण ठेवून घेणारी?" काकू म्हणाल्या आणि त्यांनी पिशवी मिटली.

पहिल्या चौघींचा सन्मान झाला. त्यात आमची शैला बोरकुटेही होती, सहा फुटांची, आता केस पांढरे, डोळ्यांत पाणी. शाल, श्रीफळ, पडदा बाजूला, टाळ्या. मग बाईंनी आवाज खाली आणला. "आणि आता, कैलासवासी हेमलता लांजेवार. त्यांची जर्सी अर्पण करीत आहेत त्यांच्या मातोश्री."

काकू गालिच्यावरून चालत आल्या. ढोमणे साहेबांनी दोन्ही हात पुढे केले, कॅमेऱ्याकडे तोंड करून. काकू त्यांच्या बाजूनं पुढे गेल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ठेव ते ताट."

मी ठेवलं. काकूंनी पिशवीतून जर्सी काढली आणि माझ्या डोक्यावरून घातली. ब्लाऊजवर, सिल्कच्या साडीवर, केसांतला गजरा विस्कटून. त्यांचे हात माझ्या खांद्यांवर जर्सी नीट करत राहिले, शाळेत जाणाऱ्या मुलीची करावी तशी. कापड दमट होतं आणि साबणाचा वास येत होता.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

"काकू," ढोमणे साहेब हसत, पण दात आवळून म्हणाले, "ती चौकटीत लावायची आहे."

"चौकटीत तिचा फोटो लावा. फोटोले घाम नाही येत."

"अहो पण..."

"साहेब, जरा बाजूला," शैला म्हणाली. तिला कळलं होतं. एवढ्या वर्षांनीही एका नजरेत कळलं होतं. तिनं शाल खांद्यावरून काढून खुर्चीवर टाकली आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "चेंडू आणा गं कुणीतरी!"

प्रदर्शनी सामन्यासाठी आलेल्या पोरींपैकी एकीनं चेंडू आणून दिला. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि रेषेवर उभी राहिले. माझं वय चाळीस, उजवा गुडघा कामातून गेलेला. एवढ्या लोकांसमोर चेंडू रिंगलाही लागला नाही तर? असं मनात आलं आणि गेलं. मी समोर पाहिलं. बास्केटखाली कुणी नव्हतं. शैला तिकडे निघाली होती, चेंडू झेलायला, पण काकूंनी तिचा हात धरला.

"तिची जागा हाय ती," काकू म्हणाल्या.

शैला थांबली.

मी चेंडू टाकला. रिंगच्या कडेला लागला, बाहेर पडला, कुणीतरी आणून दिला. पुन्हा टाकला. तो गेला, रिंगला न लागता, जाळी हलवत.

मी कान टवकारून उभी होते. चेंडू जमिनीवर आपटायचा आवाज आला नाही.

तो माझ्याकडे आला. छातीच्या उंचीवर, सरळ, जोरात, आणि माझे हात आपोआप पुढे झाले. तळहात असे चुरचुरले की डोळ्यांत पाणी आलं. निलगिरीचा वास माझ्या तोंडावरून गेला.

मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळेच वाजवू लागले. ढोमणे साहेब नंतर आठवडाभर सगळ्यांना समजावत होते की चेंडूला उलटी फिरकी बसली की तो असा परत येतो. येतो की. जमिनीवर टप्पा घेऊन येतो. मी आयुष्यभर हेच केलंय, मला कुणी शिकवू नये.

मी चेंडू धरून उभी होते. एक शब्द राहिला होता. तो बास्केटखालून येईल म्हणून मी वाट बघत होते. तो आला नाही. मागून काकूंचा आवाज आला, अगदी बारीक.

"घे व. तुझं."

पाचव्या चौकटीत हेमाताईचा फोटो लागला. खाली तिचं नाव आहे, मोठ्या अक्षरांत. अकरा नंबर मात्र बंद झाला नाही. ढोमणे साहेबांनी नियमाचं पान काढलं होतं, पण उरलेल्या चौघींनी सांगितलं की मग आमच्याही जर्स्या काढून द्या. विषय तिथेच संपला.

पुढच्या शनिवारी मी शाळेच्या मैदानावर पोरींची प्रॅक्टिस घेतली. अकरा नंबर घालून. पोरी हसल्या, मग गप्प झाल्या, मग मी त्यांना पळवलं आणि स्वतःही पळाले. घामाघूम झाले. घरी जायला निघाले, पण स्कूटर पाचपावलीकडे वळली.

अंगणातली दोरी रिकामी होती. घमेलं पालथं घातलेलं. काकू ओट्यावर बसल्या होत्या, किल्ली हातात.

"पेटी उघडली?" मी विचारलं.

"उघडली. साड्या हायेत."

मी फाटकातच उभी. कशाला आलो आपण, असं वाटलं. त्यांच्या घरातून जे कायमचं गेलं होतं, तेच मी अंगात घालून त्यांच्या दारात उभी होते. परत फिरावं म्हणून मी पाऊल मागे घेतलं.

काकूंनी मान वर केली. जर्सीकडे पाहिलं. छातीवर, काखेत, रफूच्या खांद्यापर्यंत ती घामानं काळीनिळी झाली होती. त्या बघत राहिल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि घमेलं उलटं केलं.

"किती घामेजली व," त्या म्हणाल्या. "काढ ते. धुऊन देतो."

मी आतल्या टी-शर्टवर उभी राहिले आणि जर्सी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती नाकाशी नेली, क्षणभर धरली आणि पाण्यात सोडली.

"पुढच्या शनिवारी बी येजो," त्या साबण शोधत म्हणाल्या. "खेळून झालं की सरळ इकडेच येजो."